तिसरा चिलर

ऐरोलीच्या त्या इमारतीत मला बोलावलं होतं ते तिसऱ्या चिलरसाठी, म्हणजे एसीचं पाणी थंड करणाऱ्या तिसऱ्या यंत्रासाठी. जुलै महिना, दोन्ही चिलर दिवसभर चालू, आणि तरी पाचव्या मजल्यावरून रोज तक्रारी. सल्लागारांनी अहवाल दिला होता की क्षमता कमी पडते, आणखी एक चिलर घ्या. दरपत्रकंही आली होती. नवा चिलर बीएमएसला, म्हणजे इमारतीची यंत्रं चालवणाऱ्या संगणक-यंत्रणेला, कसा जोडायचा, एवढंच मी सांगायचं होतं.

मी आधी पाण्याचं तापमान पाहिलं. चिलरमधून पाणी 7 अंशांना निघत होतं आणि 10 अंशांना परत येत होतं. डिझाइन साडेपाच अंशांच्या फरकाचं. म्हणजे दोन्ही चिलर निम्म्याहून जरा जास्त भारावर चालत होते आणि पाणी मात्र पूर्ण वेगाने फिरत होतं. अशा ठिकाणी थंडावा कमी पडत नसतो, तो नको तिथे जात असतो. सल्लागारांच्या जाडजूड अहवालात परतीच्या पाण्याचं तापमान एकदाही आलेलं नव्हतं. याचा मला अजून राग येतो.

मग ट्रेंड, म्हणजे बीएमएसमधले मागच्या आकड्यांचे आलेख, उघडले. पाइपलाइनच्या टोकाला पाण्याच्या दाबातला फरक मोजणारा डीपी सेन्सर असतो, त्याच्या आकड्यावर पंपाचा व्हीएफडी वेग कमी-जास्त करतो. त्या सेन्सरची रेघ कित्येक महिने एकदम सरळ होती. चालू सेन्सरची रेघ कधीच सरळ नसते. कुठेतरी व्हॉल्व्ह उघडतो, कुठे मिटतो, आकडा दशांशात का होईना हलतो. पण बीएमएसला याचं काही वाटत नाही. आकडा मर्यादेत आहे ना, मग स्क्रीन हिरवी. पाचव्या मजल्याच्या शाफ्टमध्ये शिडी लावून चढले, तर सेन्सरकडे जाणाऱ्या दोन्ही बारीक नळ्यांचे कॉक बंद. आत कोंडलेला दाब सेटपॉइंटच्या (ठरवून दिलेल्या दाबाच्या) खालचा, म्हणून तो गाठायला पंप 50 हर्ट्‌झवर, म्हणजे पूर्ण वेगाने, रात्रंदिवस पळत होता. पंपाची वीज साधारण वेगाच्या घनात बदलते. 50 वरून 40 हर्ट्‌झवर आलं तर ती जवळपास निम्मी होते. प्रत्यक्षात थोडी कमी बचत होते, कारण टोकाच्या एएचयूपुरता (मजल्यावर थंड हवा फेकणाऱ्या यंत्रापुरता) दाब राखावाच लागतो, पण तरीही ही रक्कम लहान नाही.

दुसऱ्या मजल्यावर उलट चित्र. बायका शाली पांघरून बसलेल्या, ग्रिलला पुठ्ठे चिकटवलेले. फॅसिलिटीवाले पुठ्ठे लावणाऱ्यांवर चिडतात. मी चिडत नाही, उलट पुठ्ठे कुठे आहेत ते आधी बघते, कारण अडकलेला व्हॉल्व्ह बहुतेक तिथेच असतो. त्या एएचयूचा व्हॉल्व्ह स्क्रीनवर 20 टक्के उघडा दिसत होता. वर जाऊन पाहिलं तर ॲक्चुएटरचा, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मोटरचा, क्लॅम्प सैल झालेला. ॲक्चुएटर इमानदारीत 20 टक्क्यांवर फिरून बसला होता आणि तसा फीडबॅकही देत होता, पण खालचा दांडा हललाच नव्हता. व्हॉल्व्ह सताड उघडा. बाजूच्या एएचयूचा सेन्सर 24 दाखवत होता, माझा कॅलिब्रेट केलेला थर्मामीटर 21.8. लिफ्टपाशी 24 अंशांचं पोस्टर लावलेलं होतं आणि ज्यांनी ते लावलं त्यांना वाटत होतं की आपण ते पाळतोय.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र गच्चीवर होती. ताज्या हवेचे डँपर, म्हणजे बाहेरची हवा आत घेणाऱ्या झडपा, पूर्ण उघडे. 2020 मध्ये करोनामुळे बाहेरची हवा वाढवा असं सगळीकडे सांगितलं गेलं, ते बरोबरच होतं, आणि तेव्हा कोणीतरी स्क्रीनवरून हे डँपर 100 टक्क्यांवर नेऊन मॅन्युअलला टाकले. ते तसेच राहिले. पुण्यात किंवा नाशकात कदाचित एवढं जाणवलं नसतं. खाडीकाठी जुलैत बाहेर 30 अंश आणि आर्द्रता 85 टक्के असते. ती हवा आतल्या 24 अंश, 55 टक्क्यांवर आणायची तर दर किलो हवेमागे बारा-तेरा ग्रॅम पाणी कॉइलवर (थंड पाण्याच्या नळ्यांवर) काढावं लागतं. थंड करण्यापेक्षा सुकवण्यातच जास्त वीज जाते. गरजेपलीकडची ही सगळी हवा दोन्ही चिलर उन्हाळा-पावसाळा सुकवत बसले होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती आमच्या धंद्याबाहेर फारशी कोणाला माहीत नसते. बॅकनेटमध्ये, म्हणजे बीएमएसमधली यंत्रं ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात तिच्यात, प्रत्येक आदेशाला क्रम असतो, 1 ते 16. लहान आकड्याचं आधी ऐकलं जातं. ऑपरेटरने हाताने दिलेला आदेश आठव्या क्रमावर बसतो, रोजचा प्रोग्रॅम बहुधा शेवटच्या सोळाव्यावर. त्यामुळे हाताने दिलेला आदेश कोणी रिलीज करेपर्यंत तसाच राहतो. दिवस संपला, ऋतू बदलला, माणूस नोकरी सोडून गेला, तरी राहतो. खाली प्रोग्रॅम बिचारा बरोबर हिशेब करत असतो आणि त्याचं कोणी ऐकत नसतं. मी मॅन्युअलमधल्या पॉइंटची, म्हणजे हाताने अडकवून ठेवलेल्या व्हॉल्व्ह-डँपरसारख्या गोष्टींची, यादी काढली तर ती एका पानात मावली नाही.

कंट्रोल रूममधला मुलगा आयटीआय झालेला, कोपरखैरण्याचा, हुशार. यादी पाहून तो घाबरला. "मॅडम, ऑटोला टाकलं आणि फोन आला तर मलाच बोलतात." त्याचं काही चुकत नव्हतं. गरम होतंय असा फोन त्याला येतो. महावितरणचं बिल थेट दुसऱ्या शहरातल्या हेड ऑफिसला जातं, ते त्याने कधी पाहिलेलंही नाही. मॅन्युअलला टाकल्याबद्दल त्याला कोणी कधी विचारलं नाही, तक्रार आल्याबद्दल मात्र दर वेळी विचारलं.

दुरुस्त्या साध्या होत्या. कॉक उघडले, नळ्यांतली हवा काढली, क्लॅम्प आवळले, सेन्सरचे ऑफसेट दुरुस्त केले, खाऱ्या हवेने गंजलेले काही सेन्सर बदलले. डँपर डिझाइनच्या किमान हवेवर आणले आणि मजल्यांवर कार्बन डायऑक्साइड मोजून खात्री केली, कारण माणसांचा श्वास कोंडून वाचवलेली वीज मला नको आहे. मग एकेक पॉइंट रिलीज करत गेलो. तो मुलगा माऊसवर, मी मजल्यावर थर्मामीटर घेऊन. परतीचं पाणी 12 च्या आसपास आलं आणि भर दुपारी, माणसांनी भरलेल्या इमारतीत, दुसरा चिलर आपोआप बंद झाला. पाचव्या मजल्यावरून फोन आला नाही. त्या मुलाने दोनदा रिसीव्हर उचलून पाहिला.

तिसऱ्या चिलरची फाइल बाजूला ठेवली गेली. पण मला सुटत नाही ते वेगळंच. या इमारतीला बीएमएसची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) होती. दर तिमाहीचे चेकलिस्टचे कागद फायलीत नीट लावलेले, त्या डीपी सेन्सरपुढेही प्रत्येक वेळी "ओके" आणि सही. मी तो कागद वाचला. त्यात प्रश्न होता, रीडिंग येतं का? येत होतं. ते खरं आहे का, हे कागद विचारतच नव्हता. सगळ्यात कमी दराला काम द्यायचं म्हटलं की शिडी लावायला माणूस आणि वेळ उरत नाही, हेही मला माहीत आहे. तरी सही करणाऱ्याने एकदा कॉक हलवून आकडा हलतो का ते पाहायला हवं होतं.

नव्या करारासाठी मी चेकलिस्टमध्ये दोन रकाने घातले: सेन्सरचा आकडा आणि हातातल्या उपकरणाचा आकडा. शिवाय मॅन्युअलमधल्या पॉइंटची यादी दर सोमवारी, प्रत्येकापुढे नाव, कारण आणि कधीपर्यंत. फॅसिलिटी मॅनेजर म्हणाले, "दर वाढेल." वाढेलच.

दिवाळीनंतर दुसऱ्या कामासाठी तिथे गेले तेव्हा यादी मागितली. मुलाने लगेच काढून दिली. बहुतेक पॉइंटपुढे कारण लिहिलेलं होतं, एका व्हॉल्व्हपुढे "कॉइल गळते, पार्ट मागवला". तो मी तसाच ठेवला. डीपी सेन्सरची रेघ हलत होती. करार मात्र अजून झालेला नव्हता, जुनी एएमसी तीन महिन्यांनी वाढवली होती, जुन्याच चेकलिस्टवर.