रिसीव्हर बघायचा तर कॉर्नरबॅककडे बघायचं

मागच्या जुलैत मुलाच्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल टीममधल्या रिसीव्हर कोचनी मला गाठलं. "मॅम, तुम्ही डेटाचं काम करता असं ऐकलंय. माझ्या अकरा पोरांचं नीट टिपण करून द्याल का?" त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. कोण खरंच वेगवान आहे, आणि पहिल्या फळीतला एखादा दुखावला तर त्याच्या जागी उभा राहील असा मागे कोण आहे. या दुसऱ्या गोष्टीला इथे 'डेप्थ' म्हणतात. मी लगेच हो म्हटलं. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. इथे शुक्रवारची रात्र शाळेच्या फुटबॉलची असते आणि मुलगा नववीपासून त्यात रमलेला आहे.

ज्यांनी अमेरिकन फुटबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि मैदानाच्या कडेकडून धावत जाऊन तो झेलतो तो वाइड रिसीव्हर. त्याला राखायला समोर कॉर्नरबॅक असतो आणि त्याच्याही मागे सेफ्टी. चेंडू बहुतेक वेळा दोन-अडीच सेकंदांत फेकला जातो, त्यामुळे एका पावलाची मोकळीक मिळाली तरी ती पुष्कळ असते.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, चाळीस यार्डांच्या धावेने. चाळीस यार्ड म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर. एनएफएल या इथल्या व्यावसायिक लीगमध्ये येऊ पाहणाऱ्या कॉलेजच्या मुलांची दरवर्षी इंडियानापोलिसला चाचणी होते, तिथे या धावेला फार मान. २०२४ मध्ये झेवियर वर्दीने ती ४.२१ सेकंदांत मारून विक्रम केला. आमच्या पोरांनाही हा आकडा तोंडपाठ. प्रत्येकाकडे स्वतःचा एक आकडा होता, आणि सगळे ४.४ किंवा ४.५.

आम्ही तीन पालक स्टॉपवॉच घेऊन रेषेवर उभे राहिलो. ११ नंबरच्या एकाच धावेची तीन घड्याळांत ४.४८, ४.५५ आणि ४.६१ अशी तीन उत्तरं आली. मग शेजारच्या ट्रॅकच्या कोचकडून इलेक्ट्रॉनिक गेट, म्हणजे वेळ आपोआप मोजणारं यंत्र, मागून आणलं. त्यात तोच मुलगा ४.७६. त्याचा चेहरा पडलेला मला बघवेना. पण यात त्याचं काही चुकलेलं नव्हतं. हातातलं घड्याळ आपण पोरगा हलल्यावर दाबतो, आणि शेवटची रेषा मात्र आधीच दिसत असते म्हणून तिथे बरोबर वेळेवर दाबतो. ॲथलेटिक्समध्ये शंभर मीटरच्या हाती घेतलेल्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवतात ते याचसाठी. पाव सेकंद ऐकायला किरकोळ वाटतो, पण पूर्ण वेगात असलेला मुलगा तेवढ्यात दोन यार्डांहून जास्त पुढे गेलेला असतो. दोन यार्ड म्हणजे सहा फूट.

तरीही गेटच्या आकड्यांवर विसंबून मी पहिली यादी केली. ४ नंबर सगळ्यांत वर, ८३ नंबर खालून दुसरा. कोचनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता मेमधल्या सराव सामन्यांचे व्हिडिओ बघा. चेंडूकडे बघू नका."

ते व्हिडिओ बघण्यात माझा सगळा ऑगस्ट गेला. बाहेर अडतीस-एकोणचाळीस अंश ऊन, आणि रात्री जेवणं आटोपली की मी लॅपटॉप घेऊन टेबलाशी. मैदानावर दर पाच यार्डांना पांढरी रेषा असते. व्हिडिओत सेकंदाला तीस फ्रेम. म्हणजे पोरगा पूर्ण वेगात आल्यावर दोन रेषा ओलांडायला त्याला किती फ्रेम लागतात ते मोजलं की त्याचा खरा वेग कळतो. हा वेग डोक्यावर हेल्मेट, अंगावर पॅड आणि समोर अडवणारा माणूस असतानाचा. ४ नंबरला दहा यार्डांना ३३ फ्रेम लागत होत्या, ११ नंबरला ३४, ८३ नंबरला ३६. पण चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी शेवटच्या भागात, मोजलं तर ४ नंबर ३७ वर घसरलेला आणि ८३ नंबर होता तिथेच, ३६ वर. चाळीस यार्डांची एकच ताजी धाव हे दाखवू शकत नाही.

आणि मग तो एक डाव दिसला. मी तो वीसेक वेळा तरी मागे-पुढे करून बघितला असेल. ८३ नंबर डावीकडे उभा. कॉर्नरबॅक त्याच्यापासून पाच यार्डांवर, अगदी निवांत. चेंडू सुटला आणि ८३ सरळ त्याच्याच अंगावर चालून गेला. दहाव्या यार्डाला त्याने नुसतं डोकं आणि खांदा कडेच्या बाजूला झुकवला. कॉर्नरबॅकची कंबर तिकडे वळली. त्याच क्षणी ८३ ने बाहेरचा पाय रोवला आणि आत कापलं. कॉर्नरबॅकला आता पूर्ण गिरकी घ्यावी लागणार होती. ती होईपर्यंत मध्ये चार यार्डांची जागा पडली आणि चेंडू हातात.

मी शाळेत असताना सांगलीला खो-खो खेळायचे. पाठलाग करणारीचा खांदा एकदा एका दिशेला वळला की तिला उलटं फिरता येत नाही. म्हणून पळणारीची नजर तिच्या खांद्यावर, आणि सगळी करामत हूल देऊन तो खांदा चुकीच्या बाजूला वळवण्यात. बाईंनी आमच्याकडून हे तासन् तास करून घेतलं होतं. इथे नियम आडवा येत नाही, शरीर येतं. एकदा कंबर वळली की कॉर्नरबॅक तेवढ्या क्षणापुरता गेला. मुलगा शेजारी बसून दूध पीत होता. तो म्हणाला, "आई, कोच हेच ओरडतात रोज. हिप्स बघा, हिप्स."

त्यानंतर मी रिसीव्हरकडे बघायचं कमी केलं आणि राखणाऱ्याकडे बघायला लागले. ४ नंबर वळायच्या आधी तीन-चार आखूड पावलं टाकायचा आणि त्याचे हात वर यायचे. कॉर्नरबॅकला तेवढी सूचना पुरायची. पण त्याच्यासमोर कॉर्नरबॅक आठ-नऊ यार्ड मागे उभा राहायचा आणि सेफ्टीही त्याच्या बाजूला सरकलेला असायचा. चेंडू त्याच्याकडे गेलाच नाही अशा डावांतसुद्धा. त्यामुळे मधली जागा रिकामी पडायची आणि तिथे ८३ मोकळा सापडायचा. म्हणून मी यादीत वेगाचा नवा रकाना केला: समोरचा किती यार्ड मागे उभा राहतो. डॅलसच्या लोकांना हे नवीन नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण जिंकलेला बॉब हेज पुढच्याच वर्षी डॅलसच्या काउबॉईज या एनएफएल संघाकडून खेळायला लागला. एकट्या माणसाला तो आवरेना, म्हणून बचाव करणाऱ्यांना जागा वाटून घेऊन राखणं भाग पडलं, असं इथली जुनी मंडळी अजून अभिमानाने सांगतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१७ च्या चाचणीत जॉन रॉस ४.२२ धावला आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, नवव्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच वर्षी ४.६२ धावलेला कूपर कप तिसऱ्या फेरीपर्यंत थांबला. रॉसला दुखापतींनी ग्रासलं. कपने २०२१ च्या मोसमात १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन अशी तिन्ही बाबतींत लीगमध्ये आघाडी घेतली आणि सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. मी हे ८३ नंबरला सांगितलं. "येस मॅम," एवढंच म्हणाला, पण दुसऱ्या दिवशी सरावाला अर्धा तास आधी आलेला दिसला.

डेप्थचं काम मला जास्त जड गेलं. कागदावर अकरा नावं होती, त्यामुळे भरपूर मुलं आहेत असंच वाटायचं. पण रिसीव्हरच्या जागा तीन आणि तिन्हींचं काम वेगळं. 'एक्स' थेट रेषेवर उभा राहतो, त्यामुळे कॉर्नरबॅक त्याच्या छातीला हात लावून अडवू शकतो. 'झेड' एक पाऊल मागे, त्याला हलायला मोकळीक. 'स्लॉट' आतल्या गर्दीत. मी प्रत्येक मुलाच्या नावापुढे या तीन जागा लिहिल्या आणि छातीवरचा हात झटकून सुटलेला प्रत्येक डाव मोजला. अकरापैकी सहा मुलं फक्त स्लॉटची निघाली. एक्सला ११ नंबरच्या मागे कोणीच नव्हतं. हा कागद देताना मला धाकधूक होती, कारण कुणाचा तरी मुलगा त्या सहांत होता. माझाही होता. दोघा-तिघांच्या आयांशी माझी रोजची ऊठबस, पण आकडे बदलणं मला पटलं नसतं.

कोचनी तो कागद बराच वेळ बघितला. मग झेडवर खेळणाऱ्या ८३ ला ते रोज वीस मिनिटं एक्सवर उभं करायला लागले, आणि त्याच्या जागी दहावीतल्या १७ नंबरला. या १७ कडे माझं आधी लक्षच गेलं नव्हतं. गेटवर तो सातवा होता. पण दुसऱ्याच्या धावेसाठी अंगाने अडवायची वेळ आली की तो कधी मागे हटला नव्हता, आणि त्याच्या फ्रेम शेवटपर्यंत सारख्या होत्या.

सप्टेंबरच्या दुसऱ्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरला ११ नंबर मांडी धरून खाली बसला. हॅमस्ट्रिंग, मांडीमागचा स्नायू. ट्रेनर त्याला खांद्यावर घेऊन बाहेर आले. मी वर स्टँडमध्ये वही घेऊन बसले होते. ८३ पळत पलीकडे एक्सच्या जागी गेला आणि १७ आत आला. पहिल्याच डावात समोरचा कॉर्नरबॅक १७ पासून पाच यार्डांवर होता. मी लिहिलं, ५. चौथ्या क्वार्टरमध्ये, १७ ने त्याला दोनदा मागे टाकल्यावर, लिहिलं, ८.

घरी पोहोचायला साडेअकरा झाले. मुलगा पाय पसरून सोफ्यावर झोपून गेला होता, अंगावर टीमची जर्सी तशीच. व्हिडिओ चढल्या चढल्या मी १७ ची शेवटची धाव काढली आणि रेषेपासून रेषेपर्यंत मोजलं. ३५ फ्रेम. पहिल्या क्वार्टरमध्येही ३५ च होत्या.