चार मॉनिटरसाठी बिनपंख्याचं कार्ड : बांधणीची दुसरी नोंद

केस, पॉवर सप्लाय आणि प्रोसेसरचा कूलर पहिल्या नोंदीत आटोपले. आता ग्राफिक्स कार्ड. गरज अशी: चार मॉनिटर, सगळे १०८०पी. काम म्हणजे चार्ट, ब्राउझर, स्प्रेडशीट आणि अधूनमधून व्हिडिओ. गेम नाहीत. मशीन ज्या खोलीत आहे त्याच खोलीत रात्री घरचे झोपतात, मुंबईत बहुतेक घरांत असतं तसं. त्यामुळे सीलिंग फॅन एक नंबरवर असताना मशीनचा आवाज वेगळा ओळखू येता कामा नये, ही अट.

चार मॉनिटर म्हणजे दणकट कार्ड हवं, हा समज आधी काढून टाकू. नुसता डेस्कटॉप दाखवायला १९ वॅटचं जीटी ७१० सुद्धा पुरतं. अडतं ते तीन ठिकाणी. चिप एका वेळी किती मॉनिटर हाताळते? काम नसताना मेमरीचा क्लॉक, म्हणजे तिचा वेग, खाली उतरतो का? आणि उष्णता कुठून बाहेर पडते? यातल्या मधल्या प्रश्नाकडे सहसा कुणी बघत नाही, आणि मशीन शांत राहणार की नाही हे बहुतेक वेळा तोच ठरवतो.

कार्डांची छाननी

जीटी १०३० : ३० वॅट, वेगळी पॉवर केबल नाही, बिनपंख्याची मॉडेल सहज मिळतात. मॉनिटर मात्र दोनच. आरएक्स ६४०० नवं आणि ५३ वॅटचं असूनही तेही दोनच चालवतं, शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर (रेकॉर्डिंग करताना व्हिडिओ आवळणारा भाग) नाही. तीन मॉनिटरसाठी क्वाड्रो पी४०० किंवा टी४००, दोन्ही ३० वॅटची. चारसाठी क्वाड्रो पी६२० किंवा टी६००, दोन्ही ४० वॅटची. ही चारही कार्डं एका स्लॉटची, लो प्रोफाइल म्हणजे कमी उंचीची, आणि सगळी पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्ट. आसुसचं चार एचडीएमआयवालं जीटी ७१० सुद्धा आहे. त्याला पंखा नाही आणि ते पीसीआयई एक्स१ स्लॉटमध्ये बसतं. पण ते केप्लर या एनव्हिडियाच्या जुन्या पिढीचं आहे आणि केप्लरचा नियमित ड्रायव्हर ४७० शाखेवर थांबला. आज त्यावर नवी बांधणी करू नये.

जीटी ७३० पासून तर चार हात लांबच. याच नावाखाली फर्मी (केप्लरच्याही आधीची) आणि केप्लर अशा दोन पिढ्यांच्या चिपा विकल्या गेल्या. खोक्यावर ‘४ जीबी’ मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, आत जुनी फर्मी निघू शकते.

इंटेल आर्क ए३१० चार मॉनिटर चालवतं आणि एव्ही१ व्हिडिओ त्याला सोपा जातो. पण रिकाम्या वेळी त्याची वीज कमी व्हायला बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एएसपीएम हा वीज वाचवण्याचा पर्याय चालू करावा लागतो आणि विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये पीसीआय एक्स्प्रेसची लिंक स्टेट ‘मॅक्सिमम पॉवर सेव्हिंग्ज’वर न्यावी लागते. एवढं करूनही एकाहून जास्त मॉनिटर जोडले की ती बचत पूर्ण मिळेल याची खात्री नसते. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसलेल्या जुन्या बोर्डावर तर ते घेऊच नये.

पी६२० आणि टी६०० यांचा पंखा लहान आहे आणि काम नसतानाही सहसा थांबत नाही. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणून मोठा पंखा हळू फिरवणं केव्हाही बरं. एका स्लॉटच्या कार्डात मोठा पंखा मावतच नाही. लहान पंख्याचा स्वर बारीक असतो, आणि बारीक स्वर रात्री जास्त टोचतो.

ठरलेली जोडणी : दोन अधिक दोन

दोन मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टवर, दोन बिनपंख्याच्या जीटी १०३० वर. एकच कार्ड घेऊन चार पोर्ट मिळवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि कार्डाचा पंखा हा विषयच संपतो. त्यासाठी प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स हवं. इंटेलच्या मॉडेलच्या शेवटी ‘एफ’ असेल तर ते नसतं, आणि रायझन ५६०० सारख्या ‘जी’ नसलेल्या ५००० मालिकेतही नसतं. बोर्डाचा चिपसेटही बघावा. इंटेलच्या एच३१०, एच४१० आणि एच५१० वर प्रोसेसरचं ग्राफिक्स दोनच मॉनिटर देतं. आपल्याला दोनच हवेत, म्हणून चालतं.

कार्ड लावल्यावर बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बोर्डावरचे दोन मॉनिटर काळे राहिले की लोक केबल बदलत बसतात. बायोसमध्ये आसुसला ‘आयजीपीयू मल्टि-मॉनिटर’, एमएसआयला ‘आयजीडी मल्टि-मॉनिटर’, गिगाबाइटला ‘इंटर्नल ग्राफिक्स’ शोधून एनेबल करायचं. त्याच पानावर पहिलं चित्र कुठून यावं हेही ठरतं. समोरचा मुख्य मॉनिटर जिथे जोडलाय तेच निवडावं, नाहीतर बायोसचा पडदा कोपऱ्यातल्या मॉनिटरवर उगवतो.

जीटी १०३० जीडीडीआर५ मेमरीचंच घ्यावं. डीडीआर४ वालं त्याच नावाने विकलं जातं, पण मेमरीची बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबीवरून १६.८ जीबीवर येते. दोन १०८०पी डेस्कटॉप त्यावरही चालतात. उद्या एक ४के मॉनिटर आणला की खिडक्या सरकवताना फरक कळेल.

पोर्टची तपासणी दुकानातच करावी. आसुस आणि गिगाबाइटच्या बिनपंख्याच्या मॉडेलवर एचडीएमआय आणि डीव्हीआय-डी मिळतं, एमएसआयच्या २जीएच एलपी ओसीवर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. डीव्हीआय-डीमध्ये ॲनलॉग सिग्नल नसतो. आडव्या पट्टीभोवतीच्या चार पिनांची भोकं नाहीत म्हणजे ते डीव्हीआय-डी. साठ-सत्तर रुपयांचा डीव्हीआय-व्हीजीए कनेक्टर त्यात बसणार नाही, आणि पिना मोडून बसवला तरी चित्र येणार नाही. फक्त व्हीजीए असलेला जुना मॉनिटर वापरायचाच असेल तर आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. डीव्हीआय-डी ते एचडीएमआय मात्र साध्या केबलने होतं.

मेमरी क्लॉक : खरी मेहनत इथे

पडदा रंगवत ठेवण्यासाठी कार्ड मेमरीतून अखंड पिक्सेल वाचत असतं. मेमरीचा वेग बदलायचा तर हे वाचन क्षणभर थांबवावं लागतं. चित्र न तुटता थांबायला एकच जागा आहे: एक फ्रेम संपून पुढची सुरू होण्याआधीचा मोकळा वेळ, व्हर्टिकल ब्लँकिंग. १०८०पी, ६० हर्ट्झच्या नेहमीच्या एचडीएमआय टायमिंगमध्ये एकूण ११२५ ओळी असतात. दिसतात १०८०, मोकळ्या ४५. म्हणजे मिलिसेकंदाचे जेमतेम दोन तृतीयांश. ‘रिड्यूस्ड ब्लँकिंग’ टायमिंगमध्ये एकूण ओळी ११११, मोकळ्या ३१, आणि वेळ अर्ध्या मिलिसेकंदाच्याही आत.

एक मॉनिटर असेल तर ड्रायव्हर ती सवड साधतो. दोन मॉनिटरच्या सवडी एकाच वेळी येत नसतील, तर वेग बदलायला सुरक्षित क्षणच उरत नाही आणि ड्रायव्हर मेमरी वरच्या वेगातच ठेवून देतो. मग नुसता रिकामा डेस्कटॉप असतानाही कार्ड दिवसभर तापत राहतं. पंखा थांबवणाऱ्या कार्डांचे पंखे याच कारणाने चालू-बंद करत राहतात आणि दोष कूलरला दिला जातो.

तपासायला जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा सेन्सर टॅब किंवा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरसोबत येणारी एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड पुरते. व्हिडिओच्या सगळ्या टॅब बंद करायच्या, हलणारा वॉलपेपर काढायचा आणि पाच मिनिटं माउसला हात लावायचा नाही. जीटी १०३० सारख्या पास्कल पिढीच्या कार्डावर एनव्हिडिया-एसएमआयमध्ये पी८ (आरामाची पातळी) आणि मेमरी ४०५ मेगाहर्ट्झ दिसली म्हणजे काम झालं. पी० वर, म्हणजे पूर्ण वेगाच्या पातळीवरच, अडकलं असेल तर या क्रमाने जावं.

आधी रिफ्रेश रेट. नवा मॉनिटर १०० हर्ट्झवर आणि जुना ६० वर, हे सगळ्यात नेहमीचं कारण. विंडोजच्या ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये दोन्ही ६० वर आणावेत. ६० आणि ५९.९४ हेही वेगळेच समजायचे. टीव्ही जोडला की ५९.९४ हमखास डोकावतं.

रेट एक करूनही उतरत नसेल तर टायमिंग बघायचं. एक मॉनिटर एचडीएमआयवर आणि दुसरा डीव्हीआयवर असेल तर एकाला ११२५ ओळींचं आणि दुसऱ्याला ११११ ओळींचं टायमिंग मिळू शकतं. दोन्हीकडे ६० हर्ट्झच लिहिलेलं असतं, म्हणून संशय येत नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या कस्टम रिझोल्यूशनमध्ये एकूण ओळींचा आकडा दिसतो. दोन्हींना सारखाच ठेवावा, आणि शक्य असेल तर ४५ मोकळ्या ओळींचाच.

या बांधणीत त्यापेक्षा सोपा मार्ग घेतला आहे. एकाच मॉडेलचे दोन २४ इंची मॉनिटर जीटी १०३० वर, आणि विजोड जोडी, म्हणजे जुना ६० हर्ट्झचा आणि नवा १०० हर्ट्झचा, बोर्डाच्या पोर्टवर. बोर्डाच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते रॅम वापरतं, त्यामुळे हा प्रश्न तिथे या रूपात येत नाही. कुठला मॉनिटर कुठे लावायचा हे केबलच्या लांबीवरून ठरवू नये, टायमिंगवरून ठरवावं.

दोन ग्राफिक्स मिळून चालवण्यात एक खर्च आहे. ॲप एका चिपवर रंगवलं जात असेल आणि खिडकी दुसरीच्या मॉनिटरवर असेल, तर प्रत्येक फ्रेम इकडून तिकडे कॉपी होते. चार्टला काही वाटत नाही, पूर्ण पडद्यावरच्या व्हिडिओत अडखळ दिसू शकते. डिस्प्ले सेटिंगमधल्या ‘ग्राफिक्स’ पानावर ब्राउझरला कायमची एक चिप नेमून द्यावी आणि व्हिडिओ त्याच चिपच्या मॉनिटरवर बघावा. इथे ब्राउझर इंटेलवर, म्हणजे प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर, ठेवला आहे. जीटी १०३० मध्ये एन्कोडर नाही, त्यामुळे स्क्रीन रेकॉर्डिंगसाठीही इंटेलचा एन्कोडर, क्विक सिंकच कामी येतं.

हवा

बिनपंख्याचं कार्ड म्हणजे केसच्या हवेवर जगणारं कार्ड. मे महिन्यात बंद खोलीत हवाच ३२-३३ अंशांवर असते, कार्डाचं तापमान त्याच्या पुढे मोजायचं. टॉवर केसमध्ये कार्ड आडवं बसतं आणि हीटसिंकच्या पाती खाली तोंड करून असतात, म्हणून गरम हवा पातींतच कोंडते. समोरच्या खालच्या बाजूला १२० मिमीचा एक पंखा ६०० ते ७०० आरपीएमवर लावला की कोंडी फुटते. कार्डाखालचे दोन स्लॉट मोकळे ठेवावेत आणि त्यांच्या मागच्या पट्ट्या काढाव्यात, म्हणजे हवा पातींना घासून मागून बाहेर पडते. व्हिडिओ चालू असताना तासाभराने ७५ अंशांच्या आत असेल तर आणखी काही करू नये.

समुद्राकडच्या वस्तीत खारी दमट हवा कार्डाच्या सोनेरी संपर्कपट्टीवर थर धरते. पावसाळ्यात एखादा मॉनिटर मधेच जाऊन येत असेल तर कार्ड काढून पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून परत बसवावी. खोडरबर वापरू नये, मुलामा झिजतो.

पी६२० किंवा टी६०० घेणाऱ्यांसाठी

ज्यांच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही त्यांना हाच रस्ता. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या वर्कस्टेशनमधून निघालेली कार्डं बघताना चारही पोर्टवर चित्र आणून दाखवायला सांगावं, एक मेलेलं पोर्ट सहज सुटून जातं. केसला स्क्रूने बसणारी पट्टी उंच आहे की लो प्रोफाइल तेही बघावं, जुन्यासोबत एकच येते. रस्त्याच्या गजबजाटात पंख्याचा आवाज कळणार नाही. वीज बंद असताना बोटाने पातं हलकेच फिरवावं. ते गुळगुळीत फिरून हळूहळू थांबलं पाहिजे. झटक्यात थांबलं किंवा खरखरलं तर बेअरिंग गेलंय. जीपीयू-झेड चालवून घ्यावं, जुन्या चिपवर नवं नाव चढवलेलं असेल तर ते ‘फेक’ असं लिहून दाखवतं. पी६२० पास्कल पिढीचं आहे आणि पास्कलसाठी ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा. टी६०० ट्युरिंग असल्यामुळे त्याच्या पुढे जातं. किमतीत फार अंतर नसेल तर टी६००.

मिनी डिस्प्लेपोर्टला खटका नसतो. जाड केबलच्या वजनाने जोड सैल होतो, म्हणून केबल मागे केसला टायने बांधावी. मिनी डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयचे स्वस्त ॲडॅप्टर १६५ मेगाहर्ट्झपर्यंतच्या पिक्सेल क्लॉकचे असतात. १०८०पी, ६० ला १४८.५ लागतात, म्हणून चालतं. १४४०पी, ६० ला २४१.५ लागतात, तिथे पडदा काळा राहतो. डिस्प्लेपोर्ट केबल लावल्यावर मशीन चालूच होत नसेल तर केबलच बदलावी. काही केबलींत विसावी पिन जोडलेली असते आणि मॉनिटरचे ३.३ व्होल्ट उलटे कार्डात येतात.

बाकी

१०० हर्ट्झचा मॉनिटर सध्या बोर्डावर ६० वर ठेवला आहे, तो १०० वर नेऊन इंटेलकडचा वीजवापर भिंतीच्या मीटरवर बघायचा आहे. डिस्प्लेपोर्टवरचा मॉनिटर बटणाने बंद केला की विंडोजला तो काढून टाकल्यासारखा वाटतो आणि खिडक्या दुसरीकडे पळतात. विंडोज ११ मध्ये मॉनिटरनुसार खिडक्यांची जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय आहे, तो चालू केलाय. दोन ग्राफिक्सच्या जोडणीत तो कितपत पाळला जातो ते पुढच्या नोंदीत, समोरच्या १२० मिमी पंख्याच्या कर्व्हसोबत (कुठल्या तापमानाला किती वेग).