पुलावरचं दुकान आणि चढावरचं घर

इंग्लंडमधल्या लिंकनला उतरलं की पहिली गंमत स्टेशनाबाहेरच दिसते. शहराची मुख्य बाजारपेठ म्हणजे हाय स्ट्रीट, आणि तिच्या मधोमध रेल्वेचे रूळ आडवे जातात. फाटक पडलं की पिशव्या, बाबागाड्या, सायकली, सगळा बाजार जागच्या जागी उभा. बाजूला पादचारी पूल आहे, पण आम्ही थांबलो होतो तेवढ्यात त्यावर फारसं कोणी चढलं नाही. "बाबा, इथे कोणाला घाई नसते," लेक म्हणाली. ती इथल्या विद्यापीठात शिकते म्हणून आम्ही आलो. एरवी लंडन-एडिंबरा करून परतणाऱ्यांच्या वाटेत हे गाव येत नाही.

फाटक ओलांडून उत्तरेकडे चालत राहिलं की थोड्या वेळाने आपण विदम नदी पार करतो, आणि ते कळतही नाही. डाव्या हाताला दुकानं सलग चालू असतात. लेकीने दंडाला धरून थांबवलं आणि शेजारच्या पायऱ्यांनी खाली पाण्याकडे नेलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खाली दगडी कमान, कमानीतून संथ हिरवट पाणी, दोन-चार हंस, आणि कमानीच्या वर चक्क तीनमजली घर! काळपट लाकडाचा सांगाडा, मध्ये पांढरा गिलावा, वर उतरती छपरं. हा हाय ब्रिज. पूल साधारण 1160 चा, वरची इमारत 1550 च्या आसपासची. अंगावर अजून घरं वागवणाऱ्या पुलांमध्ये ब्रिटनमधला हा सर्वांत जुना मानतात. कमानीला गावकरी 'ग्लोरी होल' म्हणतात.

आम्ही गेलो तेव्हा वर स्टोक्स यांचं कॉफीघर होतं. हे घराणं 1902 पासून चहा-कॉफीच्या धंद्यात आहे आणि 1937 मध्ये त्यांनी पुलावरची ही जागा घेतली. जिना अरुंद, तुळया इतक्या खाली की मी दोनदा वाकलो, आणि एका कोपऱ्यात जमीन अशी कललेली की टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली होती. बायकोने कप उचलून पाहिला. बशीत सांडलेली कॉफी एका बाजूला जमा झाली होती. खिडकीतून खाली नदी दिसते. चारशे-पाचशे वर्षांत इथे किती दुकानदार येऊन गेले असतील! प्रत्येकाने आपल्या सोयीने भिंत पाडली असेल, फळी ठोकली असेल. 1902 च्या सुमारास विल्यम वॉटकिन्स या वास्तुविशारदाने इमारतीची नीट डागडुजी केली, आणि आज दिसतं त्यात त्याच्या हाताचाही भाग आहे.

मला खरी गंमत वाटली ती पुलाच्या समोरच्या, पूर्वेच्या बाजूची. तिथे काहीच नाही, मोकळी जागा. 1235 च्या सुमारास तिथे संत थॉमस बेकेटचं प्रार्थनाघर होतं. ते 1760 च्या दशकात पाडलं आणि त्या जागी दगडी स्तंभ उभारला. 1939 मध्ये तोही उतरवला, कारण त्याच्या वजनाने पुलाला धोका असल्याची भीती होती. म्हणजे एकाच पुलावर देवाचं गेलं, शोभेचं गेलं, भाड्याचं तेवढं राहिलं! माझं मत विचाराल तर यात नवल काही नाही. पागडीच्या इमारतीत वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. ज्या जागेत रोज सकाळी कोणीतरी कुलूप उघडतं, ती जागा लोक सहसा पडू देत नाहीत.

त्या स्तंभाचे दगड मात्र जपून ठेवले होते. 1996 मध्ये तो सेंट मार्क्स नावाच्या खरेदी संकुलात पुन्हा उभा केला. संध्याकाळी तोही पाहिला. हे संकुल मुळात रेल्वे स्टेशन. 1985 मध्ये स्टेशन बंद झालं, दर्शनी खांब राखले आणि मागे दुकानं आली. तिथलं डेबनहॅम्स हे भलं मोठं दुकान 2021 मध्ये अख्खी साखळीच बुडाली तेव्हा बंद पडलं. इतकी जागा एकट्याने भरणारा भाडेकरू आता कुठून मिळणार? पुलावरची दुकानं लहान आहेत, म्हणून कोणी ना कोणी सापडतोच.

दुसऱ्या दिवशी वरचा गाव. स्टोनबो या जुन्या वेशीखालून गेलं की रस्ता अरुंद होत जातो आणि चढ लागतो. पुढे त्याचं नावच स्टीप हिल आहे. चढ खरोखर सुरू होण्याआधी उजव्या-डाव्या खिडक्यांकडे बघत चाललात तर ज्यूज हाउस चुकेल, म्हणून सांगतो: नक्षीदार अर्धगोल दारकमान शोधा. कमानीच्या बरोबर वर भिंतीतून धुराड्याचा दगडी पट्टा वर गेलेला दिसतो, कारण चूल वरच्या मजल्यावर, दाराच्या डोक्यावर होती. वर राहणं, खाली धंदा. हे घर 1150 ते 1170 च्या दरम्यानचं, म्हणजे हाय ब्रिजच्या बरोबरीचं.

तेव्हा लिंकन लोकरीची मोठी पेठ होती आणि इथल्या ज्यू सावकारांचा पैसा दूरवर फिरत होता. त्यांतला एरन नावाचा सावकार 1186 मध्ये वारला तेव्हा त्याची येणी इतकी होती की ती वसूल करायला राजाला वेगळं खातं उघडावं लागलं. ज्यूज हाउसची ज्ञात मालकीण बेलासेट. नाण्यांच्या कडांची चांदी कातरल्याच्या आरोपावरून तिला फाशी दिलं असं सांगतात. 1290 मध्ये पहिल्या एडवर्डने सगळ्या ज्यूंना इंग्लंडबाहेर घालवलं आणि घर विल्यम ऑफ फोल्टेबीकडे गेलं. पुढे खालच्या दगडी भिंतीत दुकानाच्या खिडक्या फोडल्या गेल्या. विसाव्या शतकात तिथे जुन्या वस्तूंचं दुकान होतं, 1970 च्या दशकापासून रेस्टॉरंट आहे. पांढरे टेबलक्लॉथ दारातूनच पाहिले, दरपत्रक वाचलं आणि डब्यातली सँडविचेस खाल्ली.

शेजारच्या ज्यूज कोर्ट नावाच्या घराची कथा मात्र वाईट आहे. 1255 मध्ये ह्यू नावाचा एक मुलगा विहिरीत मेलेला सापडला, ज्यूंवर खोटा आळ आला आणि कित्येकांना फाशी दिलं. ते सगळं कुभांड होतं हे सांगणारा फलक आज इथल्या कॅथीड्रलमध्येच आहे. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या घराच्या मालकाने तळघरातली एक विहीर 'हीच ती' म्हणून पर्यटकांना पैसे घेऊन दाखवली. पुढे उघड झालं की ती त्यानेच नुकतीच खणून घेतली होती. भाडेकरू सोडा, घरमालकही कशाकशाचा धंदा करेल सांगता येत नाही.

आता तिथे स्थानिक इतिहास मंडळाचं पुस्तकांचं दुकान आहे. मी एक पुस्तिका घेतली. विहीर बघायला अजून कोणी येतं का, असं काउंटरवरच्या आजींना विचारलं. "येतात ना," त्या सुटे पैसे मोजत म्हणाल्या, "आणि मग पुस्तक घेऊन जातात."