दोन नाणी, चार निष्पत्ती

मी लोअर परळच्या एका छापखान्यात बाइंडिंगचे काम करतो. नववीनंतर सुटलेली शाळा मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी रात्रशाळेत पुन्हा सुरू केली आणि दहावीच्या तयारीला लागलो. बीजगणिताच्या ४० गुणांच्या पेपरात मला धास्ती होती ती वर्गसमीकरणांची, पण प्रत्यक्षात मी अडकलो संभाव्यतेच्या प्रकरणात. तिथले सूत्र एका ओळीचे आहे: हव्या त्या घटनेतील निष्पत्तींच्या, म्हणजे शक्य परिणामांच्या, संख्येला नमुना अवकाशातील, म्हणजे सर्व शक्य परिणामांच्या यादीतील, एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागायचे. भागाकार मला येत होता. नेमके काय मोजायचे, तेच कळत नव्हते.

दोन नाणी एकाच वेळी उडवली, तर नेमकी एक छाप मिळण्याची संभाव्यता किती, हे पहिलेच उदाहरण होते. दोन्ही छाप, दोन्ही काटे किंवा एक छाप व एक काटा, अशा तीन निष्पत्ती मी लिहिल्या आणि उत्तर काढले १/३. त्याआधी काही महिने मी एका खासगी क्लासला जात होतो. तिथे ‘दोन नाण्यांच्या चार, तीन नाण्यांच्या आठ’ एवढे पाठ करून घेतले होते, पण चारच का, हे कोणी सांगितले नव्हते, म्हणून वही समोर आली की हात पुन्हा तीनच लिहीत असे. रात्रशाळेतल्या बाईंनी माझी वही पाहिली आणि खिशातली नाणी बाकावर ठेवायला सांगितली. एक रुपयाचे निघाले, दुसरे पिवळसर कडेचे दहाचे. “दहाच्या नाण्यावर छाप आणि रुपयावर काटा पडला, किंवा याच्या उलट झाले, तर ती एकच गोष्ट झाली का? तुम्हीच सांगा,” त्या म्हणाल्या. एकाच साच्यातल्या दोन नाण्यांत मला जे कधी दिसले नव्हते, ते या वेगळ्या नाण्यांमुळे दिसले. ‘एक छाप, एक काटा’ हे दोन वाटांनी घडते, ‘दोन्ही छाप’ मात्र एकाच वाटेने. निष्पत्ती चार, त्यांतल्या दोन आपल्या, म्हणून उत्तर १/२.

तरीही मनाची खात्री पटेना. त्या रात्री जेवणानंतर मी चटईवर तीच दोन नाणी चाळीस वेळा उडवली आणि पत्नीने एकेक रेघ ओढून नोंद ठेवली. छाप आणि काटा एकत्र आले ते २१ वेळा. माझ्या जुन्या हिशेबाने ते तेराच्या आसपास यायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सांगितले की झाँ दालांबेर या नामवंत फ्रेंच गणितज्ञाचीही अशीच गल्लत झाली होती. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशातल्या एका लेखात त्याने म्हटले होते की पहिल्या फेकीत छाप पडली तर दुसरी फेक करायचेच कारण नाही; म्हणून निष्पत्ती तीनच आणि दोन फेकींत एकदा तरी छाप मिळण्याची संभाव्यता २/३. खरे उत्तर ३/४ आहे. त्याच्या तीन निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच शक्यता असलेल्या, नव्हत्या, आणि माझ्याही नव्हत्या.

दोन फाशांचे ३६ घरांचे कोष्टक मी कामावरच्या पोलादी पट्टीने आखले. सात बेरजेची सहा घरे तिरप्या ओळीत आली, तेव्हा ६/३६ हे उत्तर समोर दिसतच होते. अंकांच्या उदाहरणात मात्र पुन्हा चूक झाली. ०, १, २, ३ यांपासून अंकांची पुनरावृत्ती न करता दोन अंकी संख्या बनवायच्या होत्या आणि संख्या सम असण्याची संभाव्यता काढायची होती. मी ०१, ०२, ०३ सुद्धा धरल्या आणि बारा मोजल्या, पण त्या दोन अंकी संख्याच नव्हेत. खऱ्या संख्या नऊ, त्यांत सम १०, १२, २०, ३० आणि ३२, म्हणून ५/९.

सर्वांत जास्त विचार करायला लावले ते समितीच्या उदाहरणाने. मी ते आमच्या चाळीच्या गणेशोत्सवावर बेतून घेतले: तीन पुरुष आणि दोन स्त्रिया यांच्यापैकी दोघांना वर्गणी गोळा करायला पाठवायचे, तर दोन्ही स्त्रियाच जाण्याची संभाव्यता किती? इथे बाईंनी जोड्या दहाच धरल्या. नाण्यांत क्रम मोजायचा आणि इथे नाही, हे मला अन्यायाचे वाटले व मी तसे विचारले. त्यांनी मला क्रम धरूनही मोजायला लावले. एकूण २० आणि आपल्या २, म्हणजे तेच १/१०. क्रम धरला की इथली प्रत्येक जोडी बरोबर दुप्पट होते, त्यामुळे गुणोत्तर हलत नाही. नाण्यांत मात्र छाप-काटा दोनदा येतो आणि छाप-छाप एकदाच. यादी कशीही करा, तिच्यातल्या प्रत्येक नोंदीचे वजन सारखे हवे, हे मला त्या दिवशी उमगले.

परीक्षेच्या आठवडाभर आधी बाईंनी अभ्यासक्रमाबाहेरचा एक प्रश्न दिला, जो गॅलिलिओने सोडवला होता. तीन फाशांवर ९ ही बेरीज सहा प्रकारे येते आणि १० सुद्धा सहाच प्रकारे. मग खेळणाऱ्यांना १० किंचित अधिक वेळा का दिसते? जेवणाच्या सुट्टीत मी कटाईतून उरलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर एकेक प्रकार मांडला. तिन्ही अंक वेगळे असले तर सहा वाटा, दोन सारखे असले तर तीन, आणि ३-३-३ ची फक्त एक. नऊच्या वाटा झाल्या २५, दहाच्या २७. एकूण २१६ पैकी २७, म्हणजे बरोबर १/८. त्या पट्ट्या मी संध्याकाळी तशाच बाईंसमोर ठेवल्या.