सिंगापूरचा व्यापार जीडीपीच्या तिप्पट कसा?

आयात आणि निर्यात यांची बेरीज करायची, तिला जीडीपीने (देशात वर्षभरात झालेल्या एकूण उत्पादनाच्या मूल्याने) भागायचं आणि शंभरने गुणायचं. गणित एवढंच. उत्तरं मात्र चक्रावून टाकतात: सिंगापूर ३०० टक्क्यांच्या वर, व्हिएतनाम १५० च्या वर, भारत ४५ च्या आसपास, अमेरिका जेमतेम २५. यावरून अमेरिका बंदिस्त आणि व्हिएतनाम खुला असं सर्रास म्हटलं जातं. ते चूक आहे.

मोठा फरक पडतो तो देशाच्या आकाराने. नाशिकचा कांदा ट्रकने कोलकात्याला पोचला तर तो देशांतर्गत व्यापार. तोच ट्रक आणखी थोडं पुढे जाऊन पेट्रापोलला सीमा ओलांडून बांगलादेशात गेला की निर्यात. बेल्जियममधल्या अँटवर्पहून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला, म्हणजे शंभरेक किलोमीटरवर गेलेला माल आंतरराष्ट्रीय व्यापारात धरतात. कॅलिफोर्नियाचे बदाम चार हजार किलोमीटर प्रवास करून न्यूयॉर्कला गेले तरी धरत नाहीत. देश मोठा असला की बहुतेक गोष्टी घरातच मिळतात, आणि लहान देशाला पर्याय नसतो.

तरीही आकडा १०० च्या वर कसा जातो? कारण वरच्या आणि खालच्या संख्या एकाच मापाने मोजलेल्या नाहीत. व्यापार मोजताना मालाची पूर्ण किंमत धरतात, जीडीपीत फक्त मूल्यवर्धन, म्हणजे देशात मालाच्या किमतीत पडलेली भर. समजा ८० रुपयांचे कच्चे हिरे आयात केले, सुरतेत पैलू पाडले आणि १०० रुपयांना निर्यात केले. व्यापार झाला १८० रुपयांचा, जीडीपीत भर पडली २० रुपयांची (कारखान्याचा इतर खर्च बाजूला ठेवू). या एका व्यवहाराचं गुणोत्तर ९०० टक्के! सिंगापूरच्या बंदरात उतरून पुन्हा परदेशी जाणारा माल आणि व्हिएतनाममध्ये आयात सुट्या भागांतून जुळणारे मोबाइल यांच्या मागे हेच गणित आहे. म्हणून मला ओईसीडीची (मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेची) मूल्यवर्धनावर आधारलेली व्यापार आकडेवारी जास्त प्रामाणिक वाटते.

तिसरं कारण किमतींचं. केशकर्तन, घरभाडं, शाळेची फी यांची निर्यात सहसा होत नाही. श्रीमंत देशात या सेवा महाग, त्यामुळे जीडीपी फुगतो आणि व्यापाराचा वाटा लहान दिसतो. आपल्याकडे त्या स्वस्त. क्रयशक्तीनुसार, म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक वगळून मोजला तर भारताचा जीडीपी बाजारदराच्या जवळपास चौपट भरतो आणि ४५ टक्के थेट ११-१२ वर येतात.

मग धोरणाला काहीच महत्त्व नाही का? आहे, पण ते एकाच देशाची वेगवेगळी वर्षं शेजारी ठेवली की दिसतं. भारताचा आकार बदलला नाही, तरी १९९० मध्ये १५ टक्क्यांच्या आसपास असलेला वाटा २०१२ मध्ये ५५ च्या जवळ गेला. दरम्यान सीमाशुल्काचा कमाल दर १९९१ च्या अर्थसंकल्पात १५० टक्क्यांवर आणला गेला आणि २००७ पर्यंत बिगरशेती मालासाठी १० टक्क्यांवर उतरला. सॉफ्टवेअर सेवांची निर्यातही याच काळात वाढली.

स्वतः आकडा काढायचा असेल तर राष्ट्रीय लेखा आकडेवारीतल्या खर्चाच्या बाजूच्या आयात-निर्यातीच्या ओळी घ्या, चालू किमतींच्या (म्हणजे त्या-त्या वर्षीच्या भावांच्या). फक्त मालाचे आकडे घेतले तर सॉफ्टवेअर गळतं आणि भारताचा वाटा बराच खाली येतो. आयर्लंडसाठी जीडीपी वापरू नका. बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हिशेबांमुळे तो इतका फुगतो की २०१५ ची वाढ २५ टक्क्यांच्या वर नोंदली गेली. तिथलं सांख्यिकी कार्यालय त्यासाठी सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न वेगळं देतं, ते घ्या. आणि भारताचा वाटा एखाद्या वर्षी अचानक चढला किंवा उतरला तर आधी कच्च्या तेलाचा भाव पाहा. आपण तेल आयात करतो आणि जामनगरसारख्या ठिकाणी शुद्ध करून डिझेल निर्यातही करतो, त्यामुळे भाव वाढला की एक पिंपही जास्त न हलता बेरीज दोन्ही बाजूंनी वाढते.