संक्रांत झाली की गॅदरिंग

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आमच्या पालक मंडळाचं गॅदरिंग संक्रांतीनंतरच्या रविवारी, सकाळी दहाला असायचं. डिसेंबरात नाशिकमधल्या सगळ्याच शाळांची संमेलनं. हॉल मिळत नाही, आणि मिळालाच तर शेजारच्या लॉन्सवर डीजे दणाणत असतो. संध्याकाळची वेळ तर नकोच. या मुलांपैकी पुष्कळांची झोप मुळातच कच्ची, एक जागरण झालं की पुढचे दोन-तीन दिवस अख्ख्या घराची घडी विस्कटते. म्हणून दहा ते साडेअकरा कार्यक्रम आणि लगेच जेवण. आपलं पोर कालिदास कलामंदिराच्या रंगमंचावर दिसावं, असं कुठल्या आईला वाटणार नाही? पण अंधारं प्रेक्षागृह, डोळ्यांवर येणारे दिवे आणि बाहेर पडताच शालिमारची गर्दी. त्यापेक्षा गंगापूर रोडकडचा तळमजल्यावरचा, खिडक्यांतून ऊन येणारा साधा हॉलच सगळ्यांना मानवायचा.

तयारी तीन आठवडे आधी मुलांसाठीच्या एका वहीने सुरू व्हायची. त्याच हॉलचे फोटो क्रमाने चिकटवायचे: फाटक, चपलांची जागा, खुर्च्या, रंगमंच, संडास, शांत खोली. प्रत्येक फोटोखाली एकच वाक्य. ‘मी इथे चप्पल काढतो.’ ‘आवाज मोठा वाटला तर मी हेडफोन लावतो.’ या वहीत जे नक्की आहे तेवढंच लिहायचं. ‘पाहुणे दहाला येतील’ असं छापलं आणि पाहुणे द्वारका चौकात अडकले, तर मुलाच्या लेखी सगळा दिवसच खोटा ठरतो. म्हणून पाहुण्यांच्या पानावर ‘बहुतेक’ हा शब्द ठळक असायचा, आणि तो शब्द घरी रोजच्या वापरात आधी मुरवायला लागायचा. शुक्रवारी रिकाम्या हॉलची फेरी व्हायची. तेव्हाच संडासातलं हात वाळवायचं यंत्र बंद करून ठेवायचं. त्याच्या अचानक घोंघाटाने घाबरलेलं मूल नंतर दिवसभर त्या दिशेला फिरकत नाही, आणि मग पुढची पंचाईत सगळ्यांना ठाऊक आहे.

आवाजावर आमची सगळ्यात जास्त मेहनत जायची, आणि ती सार्थकी लागायची. साऊंडवाल्या दादांना सकाळी आठला बोलवायचं, मोबाइलवरचं आवाज मोजायचं ॲप घेऊन मुलांच्या खुर्चीवर बसायचं, आणि आकडा सत्तर डेसिबलच्या आसपास येईपर्यंत बटण खाली आणायचं. मुलांना खरा त्रास गाण्यापेक्षा माईकच्या किंचाळण्याचा. माईक स्पीकरच्या पुढे गेला की त्याचाच आवाज परत त्याच्यात शिरतो आणि कर्कश शिट्टी उठते. म्हणून स्पीकरच्या रेषेत जमिनीवर लाल पट्टी चिकटवलेली असायची, निवेदकाने ती ओलांडायची नाही. टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायचे. एवढे हात एकदम हलताना पाहून रंगमंचावरची मुलंही तसेच हात हलवायची, आणि ते फार सुंदर दिसायचं.

लेझीम हवंच, नाशिकचं गॅदरिंग आहे! पण लेझमीच्या चकत्यांची किणकिण काही मुलांना सुईसारखी टोचते. चकत्यांमध्ये कापडाच्या चिंध्या बांधल्या की ताल राहतो, धार जाते. गाणं कायम एकाच रेकॉर्डिंगवर, सरावापासून शेवटपर्यंत. हार्मोनियमवर कुणी उत्साहाने लय वाढवली तर पाठ झालेलं सगळं कोसळतं. पावलं शिकवताना विशेष शिक्षिका शेवटापासून सुरुवात करायच्या. आधी फक्त शेवटचं पाऊल आणि नमस्कार, मग त्याच्या आधीचं पाऊल. असं केल्याने मूल प्रत्येक वेळी ओळखीच्या, जमणाऱ्या जागी येऊन थांबतं. रंगमंचावर प्रत्येकाची जागा वेगळ्या रंगाच्या पट्टीने आखलेली, आणि एक नाच तीन मिनिटांच्या वर नाही. नऊवारीची जर आणि सदऱ्याच्या गळ्यातलं लेबल टोचतं, तेव्हा आत मऊ सुती बनियन, लेबल उसवून काढलेलं. पोशाख पंधरा दिवस आधी घरी द्यायचा, पहिल्या दिवशी पाच मिनिटं घालायचा, मग रोज थोडा वेळ वाढवायचा. तरीही कुणाला ऐनवेळी नकोसा झाला, तर घरच्या टी-शर्टवर नाचायचं. कुणी नुसतंच आपल्या पट्टीवर उभं राहिलं तर तोही नाच. त्यात काही कमी आहे असं आम्हाला कधीच वाटलं नाही.

शांत खोलीत सतरंजी, जड गोधडी, पडदा ओढलेली खिडकी आणि ओळखीची एक ताई. एका वेळी तीन मुलांच्या वर नाही. खोली शिक्षेची वाटता कामा नये, म्हणून सराव म्हणून सगळी मुलं आधी आनंदात असताना तिथे जाऊन यायची. मेल्टडाऊन आणि हट्ट यांतला फरक नव्या स्वयंसेवकांना दरवर्षी सांगावा लागायचा. हट्टाला काहीतरी मिळवायचं असतं, मूल मधूनच तुमच्याकडे पाहतं. मेल्टडाऊनमध्ये मेंदूवर येणारा भार पेलवेनासा झालेला असतो, तिथे समजावणं म्हणजे आणखी एक आवाज. प्रश्न थांबवायचे, माणसं बाजूला करायची, डोकं आपटत असेल तर खाली उशी सरकवायची आणि वाट पाहायची. पाणी नंतर. मोबाइलवर चित्रण अजिबात नाही.

फाटकावर दोन बाबालोक कायम. आपली पुष्कळ मुलं पाण्याकडे ओढली जातात, आणि तिकडच्या भागात गोदावरी काही लांब नाही. हॉलची पाण्याची टाकी झाकून त्यावर कुलूप, हे सकाळचं पहिलं काम. पालकांचा फोन नंबर सदऱ्याच्या आतल्या बाजूला कापडी पट्टीवर लिहिलेला. गळ्यातलं ओळखपत्र मूल पाच मिनिटांत काढून टाकतं.

जेवणात मिसळ मोठ्यांसाठी, तर्री वेगळ्या भांड्यात. मुलांना खणांची ताटं, म्हणजे वरण भातात मिसळत नाही. साधा भात, दही, कोरडं फरसाण, आणि घरचा डबा आणायला पूर्ण मुभा. द्राक्षांच्या गावात काही मुलं द्राक्षाला हात लावत नाहीत याचं पाहुण्यांना नवल वाटतं. एक द्राक्ष गोड, दुसरं आंबट, तिसरं मऊ. बिस्किट मात्र दरवेळी तंतोतंत तेच, म्हणून ते भरवशाचं. ‘एक घास खाऊन तर बघ’ असा आग्रह तिथे कुणी करत नसे.

अठरा वर्षांवरच्या मुलामुलींचा चहाचा आणि तिळगुळाचा काउंटर, हा आमचा सगळ्यात लाडका कोपरा. गोल आखलेल्या ट्रेमध्ये दहा वड्या, ट्रे भरला की पुडा. मोजता न येणाऱ्यालाही हे काम चोख जमतं. न बोलणारी मुलं ‘जेलो’ हे आयआयटी मुंबईत तयार झालेलं मोफत ॲप टॅबवर घेऊन बसायची, चित्रावर बोट ठेवलं की ते मराठीत बोलतं. गिऱ्हाइकाने घाई न करता दहा सेकंद थांबायचं, अशी पाटी काउंटरवर. नाशिककर थांबायचे.

शेजारीच कागदपत्रांचं टेबल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, कसं काढायचं, निरामय योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य संरक्षण कसं मिळतं, हे तिथे समोर फॉर्म ठेवून सांगितलं जायचं. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. ज्यांच्या मुलांना गरज आहे त्यांनी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या समितीकडे अर्ज करायचा असतो. हे ऐकून दचकणारे पालक दरवर्षी असायचे. भावंडांसाठी वेगळी खोली, पतंग आणि एक दादा. त्या दोन तासांत त्यांनी कुणालाही सांभाळायचं नाही.

बक्षीस प्रत्येकाच्या खुर्चीवर जाऊन दिलं जायचं, कारण रांगेत वाट पाहणंच सगळ्यात अवघड. मग वहीचं शेवटचं पान, ‘संपलं, घरी’, आणि दहा-दहा मिनिटांनी एकेक गट बाहेर, म्हणजे फाटकावर गाड्या, हॉर्न आणि निरोप एकदम अंगावर येत नाहीत. सोमवारी वर्ग बंद. दिवसभर धरून ठेवलेला ताण बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी बाहेर पडतो, त्यामुळे त्या दिवशी घरी पाहुणे नकोत, डॉक्टरची वेळ नको आणि नवी भाजीही नको.