पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचा चंद्र

काल बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो होतो. वाटेत शिवारात एक आजी सुपानं भात उपणत होत्या. उडणाऱ्या तुसात मावळतीचं ऊन अडकलं होतं, सगळं सोनेरी. विचारून एकच फोटो घेतला.

परवा त्रिपुरी पौर्णिमा झाली. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून गडावर अंधारात नुसतं बसणं आलं. ते बसणंच हवं होतं बहुतेक. बाबांना जाऊन वर्ष होत आलं. घरात कुणाशी बोललो नाही इतकं काल स्वतःशी बोललो, रडूनही घेतलं.

चंद्र वर आला. पहिल्या फोटोत नुसता पांढरा ठिपका. भोवतीचा अंधार बघून कॅमेरा फसतो, जास्त उजेड आत घेतो, पण चंद्रावर पडलेलं असतं ते लख्ख ऊनच. मग उजेड कमी जावा म्हणून आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ सेकंद, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ केलं आणि डाग उमटले. उजवीकडे टायको विवर, त्यातून किरणांसारखे फुटलेले पांढरे पट्टे! किती वेळ स्क्रीनकडे बघत राहिलो.

आजींचा फोटो बेळगावातल्या शहापुरात प्रिंटला टाकलाय. रविवारी नेऊन देतो.